सभेबाहेर बसलेले दोघे

गोंदिया जिल्ह्यात चिचगडच्या पुढे जंगलात एक गाव आहे. तिथल्या ग्रामसभेची एक रीत आहे. ज्याचा विषय निघेल त्याने उठून बाहेर जायचं, कारण तो समोर असला की माणसं त्याच्या तोंडाकडे पाहून बोलतात. ही रीत मीच सुचवली होती. गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, बांबू आणि तेंदूपानं गावच विकू लागलं, त्या काळात मी वनहक्काचं काम करणाऱ्या एका संघटनेचा कार्यकर्ता म्हणून फुलचूरहून मोटारसायकलने तिथे जात असे. उठून बाहेर जाणाऱ्यांच्या पाठी मी पुष्कळ पाहिल्या. बाहेर बसून ते काय करत असतील, हा प्रश्न मात्र मला कधी पडला नाही.

पुढे याच परिसराने मला जिल्हा परिषदेत निवडून पाठवलं. मग यंदा एका पक्षाने विधानसभेचं तिकीट देऊ केलं, आणि मी गावाची संमती घ्यायला गेलो.

त्या दिवशी दोन विषय होते. एकाने न विचारता गावाच्या राखीव बेटातला बांबू तोडला होता, तो पहिला. दुसरा माझा. बांबूवाल्याने आपलं म्हणणं सांगितलं, चपला घातल्या आणि तो बाहेर गेला. मीही तिकिटाची हकीकत सांगितली आणि सवयीने भिंतीला टेकून बसलो. पूर्वी सभा चालवायचो तेव्हा मी तिथेच बसायचो.

कोपऱ्यातली एक म्हातारी म्हणाली, "भाऊ इथंच काऊन बसून राहिले?"

"माहिती लागली तर द्यायला," मी म्हणालो.

"माहिती त्या बांबूवाल्यानं बी देल्ली. देल्ली आन् गेला."

सगळे हसले. मी उठलो.

बाहेर मोहाच्या झाडाखाली तो दगडावर बसला होता. मला पाहून जरा सरकला. "या, भाऊ. इकडं सावली हाये."

"इथे बसून आतलं ऐकू येतं?"

"हासनं आयकू येते. बोलनं नाही येत."

तेवढ्यात आत हशा पिकला. "हे तुमचं होय," तो म्हणाला.

"कशावरून?"

"माझ्या विषयाले कोन हासते? बांबू महाग हाये."

मी त्याला विचारलं, बांबू कशाला तोडला. पोरीच्या लग्नाचा मांडव, तो म्हणाला. लग्न परवावर आलं होतं.

"मग विचारायचं होतं. गावाने दिला असता."

"देल्लाच असता. तेच तं झालं न, भाऊ. देनारच हायेत म्हनून आधी तोडला. मंग इचाराचं राहूनच गेलं."

तो हे अगदी सहज बोलला आणि तळहातावर तंबाखू चोळू लागला. मला मात्र माझाच होकार आठवला. आदल्या दिवशी पक्षाच्या माणसाचा गोंदियाहून फोन आला होता. "भैया, गाँव तो आपका ही है. पूछना क्या है? हां बोल दो, बात खतम." आणि मी हो म्हणून टाकलं होतं. गाव देणारच, हे मीही धरून चाललो होतो. 'गाँव आपका' हे ऐकताना मला बरं वाटलं होतं, तेही आता आठवलं. हे मला नेमकं कधीपासून बरं वाटू लागलं, ते मी तिथे बसून शोधत होतो. पहिल्या निवडणुकीपासून की त्याच्याही आधी? सापडत नव्हतं.

"तुला काय शिक्षा होईल?" मी विचारलं.

"शिक्षा कायची? मांडव सोडाचा, बांबू सभेपुढं आनून ठेवाचा, मंग मागाचा. देतीन."

आतून हाक आली. आम्ही दोघेही गेलो. म्हातारीने माझ्याकडे पाहिलं. "भाऊ, एक गोष्ट सांगा. तुमी आमाले इचाराले आले का सांगाले?"

खोटं बोलता आलं असतं. पण बांबूवाला शेजारीच उभा होता. "सांगायला आलो," मी म्हणालो. "काल मी त्यांना हो म्हणून बसलो आहे."

कोणी रागावलं नाही. सभेच्या अध्यक्षबाई पदर सावरून पुढे सरकल्या. मग म्हणाल्या, "मंग या दोघाचा निकाल एकच. परत आना, समोर ठेवा, मंग मागा."

"त्यांनी तिकीट दुसऱ्याला दिलं तर?"

"तं देल्लं. या बांबूवाल्याचा बी मांडव परत उभा रायते का नाही, कोनाले मालूम."

गावात फोन लागतो तो फक्त तलावाच्या पाळीवर. "चाला, माझं घर तिकडंच हाये," बांबूवाला म्हणाला. पाळीवर चढून मी फोन लावला आणि कालचा होकार परत घेतो म्हणून सांगितलं. गाव काय म्हणेल ते ऐकून पुन्हा कळवीन, असंही म्हणालो.

"मजाक कर रहे हो क्या, भैया? शाम तक की बात है. लाइन में और लोग खड़े हैं."

"असू द्या," मी म्हणालो. मी फोन बंद केला. खाली बांबूवाला मांडवाची एकेक दोरी सोडत होता. त्याची बायको त्याला काहीतरी चांगलंच सुनावत होती.

मग मी परत सभेत आलो, होकार परत घेतल्याचं सांगितलं, गावाची संमती मागितली आणि पुन्हा बाहेर जाऊन बसलो. थोड्या वेळाने तो खांद्यावर बांबू घेऊन आला, ते दारात ठेवून माझ्या शेजारी टेकला. त्याला लगेच आत बोलावलं. बांबू घेऊन तो हसत घरी गेला. माझ्या विषयावर मात्र बोलणं संपेना. संध्याकाळी अध्यक्षबाई बाहेर येऊन म्हणाल्या, "आमचं एक झालं नाही, भाऊ. पुढच्या सभेले या."

तिकीट दुसऱ्याला गेलं. जिल्हा परिषदेत मी अजून आहे. त्या दिवशी आत कोण काय बोललं, हे त्या गावात गेलो की मी अजूनही विचारतो. कोणी सांगत नाही. आतलं बोलणं बाहेर बसलेल्याला सांगायचं नाही, हेही मीच ठरवून दिलं होतं.