बाबांनी वाट पाहिलेला पिक्चर

आई गेली त्याच्या आदल्या वर्षीची गोष्ट. बाबांनी फोन करून विचारलं, "तो नवरा-बायकोचा पिक्चर आपल्या बुऱ्हाणपूरला कधी लागतोय गं?" मी चमकलेच. सुताचं दुकान, घर आणि संध्याकाळी राजघाटापर्यंत एक फेरी, एवढंच त्यांचं जग. पिक्चरला चला असं त्यांनी आम्हाला जन्मात म्हटलं नव्हतं.

आईचा विसराळूपणा तोवर नुसता विसराळूपणा राहिला नव्हता. मी गावातच दिलेली, रोज जाऊन यायचे. मला ती कधी मावशी समजायची, कधी नर्सबाई. बाबा तर तिला परकेच वाटायचे, आणि परक्या पुरुषाशी वागावं तशी ती त्यांच्याशी अदबीने वागायची. "बसा," म्हणायची. "कोणाकडे आलात?"

पिक्चर नेमका याच दुखण्यावरचा. म्हातारं जोडपं, बायकोला काही आठवेनासं झालेलं. दोघंही मोठे कलाकार, बाबांच्या तरुणपणापासूनचे. ट्रेलरमध्ये बायको नवऱ्याला पाणी देते आणि विचारते, "आप किसके यहाँ आए हैं?" बाबा मोबाइलवर तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावायचे.

गल्लीतल्या बायका आईला वेडी म्हणायच्या. "आता बघतील सगळे," बाबा म्हणाले. "हे काय असतं ते कळेल त्यांना."

पहिल्याच रविवारी आम्ही तिघं दुपारच्या खेळाला गेलो. बाबांनी आईला जांभळी साडी नेसवली होती, वेणी त्यांनीच घातलेली, जरा तिरपी. आई आमच्या दोघांच्या मध्ये बसली.

मध्यांतरापर्यंत पडद्यावर जणू आमचंच घर होतं. ती नटी एकच टॉवेल घडी करायची, मोडायची, परत घडी करायची. घरात असूनही घरी जायचंय म्हणायची. नवऱ्याचं काम करणारा तो म्हातारा नट काहीच बोलायचा नाही, दाराला पाठ लावून नुसता उभा राहायचा. बाबाही घरी तसेच उभे राहायचे.

"या नटीने हे कुठे पाहिलं असेल?" मध्यांतरात बाबांनी विचारलं. त्यांचे डोळे लाल झाले होते, पण चेहऱ्यावर कितीतरी महिन्यांनी उजेड होता.

मग पिक्चर बिघडत गेला. परदेशातून मुलगा आला, घर विकायचा डाव आला, मारामारी आली. शेवटी लग्नाच्या वाढदिवशी कोणीतरी जुनं गाणं लावलं, आणि त्या बाईने मान वर करून नवऱ्याला नावाने हाक मारली. तिला सगळं आठवलं. लग्न, मुलं, सगळं. टॉकीजमध्ये टाळ्या पडल्या. त्या खोट्या प्रसंगातही ती नटी इतकं खरं काम करत होती की मलाही रडू आलं.

बाबा टाळ्या वाजवत नव्हते. ते आईकडे वळले होते. हळूच तिच्या हातावर हात ठेवून म्हणाले, "अगं..."

आईने हात ओढून घेतला. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "या भाऊंना जरा सरकून बसायला सांग ना."

बाबांनी ऐकलं. ते सरकून बसले.

येताना ऑटोत बाबाच म्हणाले, "दोघांनी काम चांगलं केलं."

"हो."

"पण असं होत नाही ना गं?"

डॉक्टरांना त्यांनी हेच कितीदा विचारलं होतं. उत्तर त्यांना पाठ होतं. तरी त्या टॉकीजच्या अंधारात, क्षणभर का होईना, त्यांनी आशा धरली होती, हे मला तेव्हा कळलं.

"नाही होत, बाबा."

घरापाशी उतरल्यावर आई आत येईना. तिला निंबोल्याला, माहेरी जायचं होतं. "आई वाट बघत असेल माझी," ती म्हणाली. तिची आई जाऊन कैक वर्षं झाली होती.

"आता बस गेली," बाबा तिला म्हणाले. "सकाळी आहे. आजच्या दिवस इथेच थांबा."

आईने त्यांच्याकडे पाहिलं, पदर सावरला. "तुमच्या घरच्यांना चालेल?"

"चालेल," बाबा म्हणाले, आणि कुलूप काढून तिच्यासाठी दार उघडं धरून उभे राहिले.