ती वीट नव्हती

आमच्या मामाला ऑफिसात 'वीटभट्टी' म्हणायचे. अगदी तोंडावर नाही, पण त्याची पाठ पुरती वळायच्या आत. मामा भूवैज्ञानिक. सगळी नोकरी दगडांत गेली, आणि दगडांनी त्याला काय दिलं, तर गुडघेदुखी आणि हे नाव.

लहानपणी सुट्टीत मामाकडे जायचं मुख्य कारण हे, की एवढा मोठा माणूस राजरोस दगड चाटताना दुसरीकडे कुठे बघायला मिळणार? दगड ओला केला की त्याचे कण नीट दिसतात, आणि मामाच्या मते थुंकीइतकं सोयीचं पाणी जगात नाही. हातोड्याने टवका उडवायचा, चाटायचा, भिंग डोळ्याला लावायचं आणि म्हणायचं, "वा!"

"माझ्या स्वयंपाकाला एकदा तरी म्हणा असं," मामी आतून म्हणायची.

मामीचाही एक दगड होता. स्वयंपाकघराचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून लावलेला. लाकडाला ओरखडे पडतात म्हणून तिने त्याला लोकरीचं झबलं विणलं होतं. आम्ही भाचरं त्याला 'बाळ' म्हणायचो आणि येताजाता त्याच्यावर आपटून अंगठे फोडून घ्यायचो.

तर त्या नावाची गोष्ट. मामा तेव्हा नवखा होता. एका उजाड टेकडीवर तंबू ठोकून जमिनीत खोल भोक पाडायचं काम चाललं होतं. यंत्र खालून दगडाचे गोल दांडे वर काढतं, त्याला कोअर म्हणतात. ज्या क्रमाने तुकडे वर येतील त्याच क्रमाने ते लाकडी पेटीच्या खणांत मांडायचे. एक दिवस काळ्या कोअरच्या मधोमध लाल थर आला आणि मामा खुळावला तो कायमचा.

"काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा," तो मला सांगायचा. "एक लाव्हा वाहिला, निवला. मग युगानुयुगं काही नाही. ऊन, पाऊस, वारा. दगड कुजून माती झाली, मातीत मुळं गेली. आणि मग वरून दुसरा लाव्हा आला, त्याने ती माती भाजली. लाव्ह्यावर काय, सगळेच लिहितात रे. मला ही मधली सुट्टी आवडते."

मधली सुट्टी मलाही शाळेत सगळ्यात जास्त आवडायची, त्यामुळे मामाचा अभ्यासविषय मला लगेच पटला.

साहेबांना नाही पटला. ते पाहणीला आले तोवर लाल थराचा चुरा झाला होता. साहेबांनी तो बोटांत चोळला, तंबूमागच्या विटांच्या चुलीकडे बघितलं आणि म्हणाले, "चिरंजीव, स्वयंपाक्याची वीट पडलीय तुमच्या पेटीत!"

सगळा कॅम्प हसला. वर काळा, खाली लाल, दोन्ही एकमेकांना घट्ट चिकटलेले, असा एकच धडका तुकडा मामापाशी होता. विटेला वरून लाव्हा चिकटत नाही, म्हणजे तोच पुरावा. आणि तोच ऐन वेळी सापडेना. पुढे मामाची बदली पाण्याच्या विभागात झाली. विहिरी कुठे खणायच्या ते सांगत त्याने उरलेली नोकरी काढली. नावही कमावलं. पाणी लागलं की गाव नाचायचं, आणि हा बाहेर टाकलेल्या मातीत काही लाल दिसतंय का बघत उकिडवा बसलेला असायचा.

"पण मामा, भाजलेली माती म्हणजे वीटच की. साहेब चुकले कुठे?" मी एकदा खोडी काढली.

"चूल ओळखायला चुकले, गाढवा!"

मामा निवृत्त झाल्यावर कोअरचं जुनं गोदाम रिकामं करायचं ठरलं. पेट्यांतले दगड खड्डे बुजवायला जाणार होते. मामा म्हणाला, "गाडी काढ. तो तुकडा दुसऱ्या कुठल्या पेटीत गेला असेल. आता नाही मिळाला तर ती वीटच राहिली."

आम्ही दिवसभर धूळ खाल्ली. मामाची पेटी मिळाली, तुकडा नाही. दात पडला की जीभ जशी तिथेच जाते, तसं मामाचं बोट परत परत त्या रिकाम्या खाचेत जात होतं. शेवटी पेटीच घरी आणली.

"आणखी दगड?" मामीने स्वागत केलं.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार धाडकन आपटलं.

"आपटणारच. झबलं धुवायला काढलंय, दगडही धुऊन ठेवलाय ओट्यावर. आणून लावा जरा."

मामा आत गेला आणि आतच राहिला. मी डोकावलो, तर ओट्यावर ओलं, नागडं बाळ. वर काळं, खाली लाल.

"हा... हा कुठून आणलास?"

"तुमच्याच ट्रंकेतून. लग्नानंतर पहिल्यांदा सुट्टीवर आलात तेव्हा मोज्यात गुंडाळलेला होता. विचारलं, दाराला लावू का? नकाशातून डोकं न काढता म्हणालात, 'हं'."

"मी हं म्हणालो?"

"दुसरं काय म्हणता तुम्ही?"

काखेत कळसा म्हणतात तो हा, मी म्हणालो. मामाचं लक्ष नव्हतं. त्याने दगड चाटला.

"साबण लागेल!" मामी ओरडली.

पेटीतल्या खाचेत तुकडा चपखल बसला. भिंगातून लाल भागात केसासारख्या पांढऱ्या रेघा दिसत होत्या. मुळं. मामाने मलाही दाखवली, आणि भिंग परत घ्यायला विसरला.

मग त्याने साहेबांना फोन लावला. साहेब आता खूप थकलेले, मुलाकडे राहतात.

"साहेब, ती वीट मिळाली!"

"कुठली वीट?"

ज्या विनोदाखाली मामाची उभी नोकरी गेली, तो साहेबांच्या लक्षातही नव्हता. त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "घेऊन या. डोळे गेलेत माझे, जीभ शाबूत आहे."

मामीने वाळलेलं झबलं चढवून बाळ गाडीत मामाच्या मांडीवर दिलं. तिकडे पोचल्यावर साहेबांनी झबलं काढलं, बोटाने सांधा चाचपला, मग दगड सावकाश तोंडापाशी नेऊन चाटला. आधी काळा, मग लाल.

"वीट नव्हे," ते म्हणाले. "चुकलं माझं."

काय काय बोलायचं हे मामाने वर्षानुवर्षं घोळवून ठेवलं असणार. तो म्हणाला, "हं."