घुबडाच्या घराचा दिवा

चूक दिसली की आमच्या वहिनीचे हात शिवशिवतात. कंपनीत तिचं कामच ते होतं, दुसऱ्यांच्या प्रोग्रॅममधल्या चुका निस्तरणं. ती नोकरी तिने भुंगीसाठी सोडली. माझी ही भाची चुकायच्या भीतीने शाळेत तोंडच उघडेनाशी झाली होती. शेवटी वहिनीने तिला घरीच शिकवायला घेतलं.

अशी घरी शिकणारी पोरं शनिवारी वाचनालयाच्या हॉलमध्ये जमतात. कातरकाम, विज्ञान, कोडिंग, सगळा एकच गलका. नियम एवढाच, की पोरांच्या कामाला मोठ्यांनी हात लावायचा नाही. तोही वहिनीनेच घातलेला.

त्या शनिवारी भुंगी पहिल्यांदाच सगळ्यांसमोर काही दाखवणार होती. पुठ्ठ्याचं घर, दारावर इवलासा दिवा आणि उजेड ओळखणारा सेन्सर. ती हाताचा डिंक धुवायला गेली आणि वहिनीने लॅपटॉपमध्ये डोकावलं. उजेड पडला की दिवा लागेल, अंधारात विझेल, असं पोरीने लिहिलं होतं.

"अगं बाई, उलटंच केलंय!"

"राहू दे ना," मी म्हटलं. पण ऐकेल ती वहिनी कसली! एक ओळ बदलली आणि साळसूदपणे खुर्चीत येऊन बसली.

भुंगी उभी राहिली. "हे घुबडाचं घर आहे. ते दिवसा झोपतं. म्हणून उजेड पडला की दिवा लागतो. दिवा दिसला की त्याला उठवायचं नाही."

तिने घरावर टॉर्च धरला आणि प्रोग्रॅम सुरू केला. दिवा लागलाच नाही.

"मघाशी लागत होता," ती कशीबशी म्हणाली. "माझंच काहीतरी चुकलं." शाळेतून यायची तशी मान खाली घालून ती वायरी गोळा करायला लागली.

मला वहिनीचा असा राग आला म्हणता! आणि स्वतःचाही, पाहूनसुद्धा मी गप्प बसले होते. वहिनी पांढरीफटक पडली होती. बोलली नसती तर खपूनही गेलं असतं. पण ती उठली.

"तिचं नाही चुकलं. ती हात धुवायला गेली तेव्हा मी बदललं." ती भुंगीकडे वळली. "भुंगे, मला वाटलं, तू उलटं लिहिलंयस."

भुंगीने ओळ पुन्हा होती तशी केली. दिवा लागला, पोरांनी टाळ्या पिटल्या. मग ती आईजवळ आली. रागावलेली नव्हती, हेच वाईट.

"आई, मला विचारलं का नाहीस? मी तिथेच तर होते, नळाशी."

विचारायचं वहिनीच्या मनातच आलं नव्हतं. चूक पोरीचीच असणार, हे ती धरूनच चालली होती.