अजमलच्या खिशातली किल्ली

आमच्या ह्यांचं नाव कमलाकर, पण महाडच्या बाजारात ते नाव घेतलंत तर कुणी ओळखणार नाही. ‘रेडिओवाले’ म्हणा, घरापर्यंत आणून सोडतील. गावाबाहेरच्या टेकडीवर आमच्या सामुदायिक रेडिओचा ट्रान्समीटर आहे. एक मनोरा आणि त्याच्या पायाशी एक खोली. पंधरा वर्षं हे तिथे काम करतात. मी शाळेत शिकवते. चाळीस पोरं मला आवरतात, हा एक माणूस आवरत नाही.

हट्टी तरी किती असावं माणसानं! ते मशीन वर्षातून एकदा बंद करून उघडावं लागतं, साफ करून मापं पुन्हा जुळवावी लागतात. काम दोन माणसांचं. मेन स्विच पाडायचा, त्याला कुलूप घालायचं आणि किल्ली दुसऱ्यानं आपल्या खिशात ठेवायची, म्हणजे आतल्याचा हात बाहेर येईपर्यंत वीज चालू होणार नाही. सुरुवातीला एका मदतनिसानं न विचारता स्विच वर केला नि ह्यांची दोन बोटं भाजली. तेव्हापासून किल्ली फक्त अजमलच्या खिशात. अजमल म्हणजे ह्यांचा तिथला जोडीदार. नऊ वर्षं दोघं एका डब्यात जेवले. मग तो मस्कतला गेला, एसी दुरुस्तीला. तरी दर डिसेंबरात सुट्टीवर आला की बॅग घरात टाकायची आणि आधी टेकडी गाठायची. त्याची बायको शरिफा मला म्हणायची, “वैनी, ह्यांचा निकाह माझ्याशी झालाय का तुमच्या मशीनशी?”

गेल्या वर्षी त्याला सुट्टी मिळाली नाही. ह्यांनी काम पुढे ढकललं. रेडिओ चालवणाऱ्या संस्थेनं पोलादपूरहून बुद्धरत्न नावाचा चांगला शिकलेला तंत्रज्ञ पाठवला, त्याला चहा पाजून ह्यांनी परत धाडलं. पन्नास वॅटचं मशीन घसरत घसरत अडतीसवर आलं. सव गावातल्या बनुबाईचा फोन, “तुमचा रेडिओ नुसता खरखरतो हाय गो बाय!” शेवटी संस्थेचं पत्र आलं. जानेवारीअखेर काम झालं नाही तर देखभाल बाहेरच्या कंपनीकडे. मी कपाळाला हात लावला. हे शांतपणे म्हणाले, “जानेवारीत माहरुखचं लग्न आहे. लेकीच्या लग्नाला अजमल येणारच.”

आला. पण लग्नघर ते! पंधरा दिवसांत दोनदा भेटला, दोन्ही वेळा गर्दीत. त्यात कळलं की ह्या वेळी तो शरिफालाही घेऊन जाणार. लेक सासरी गेली, आता दरवर्षी महाडला यायचं कुणासाठी? हे ऐकलं आणि ह्यांनी भरलं ताट बाजूला सारलं. “आणि आम्ही कोण रे?” असं भिंतीकडे बघून म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं की मी चिडलेच. “जा ना, बोलवा त्याला! तोंड शिवलंय का?”

गेले नाहीत. निघायच्या दिवशी, रविवारी सकाळी, अजमल आपणहून दारात उभा. नवा शर्ट, अत्तराचा वास. “वैनी, तुम्हीपण चला. किल्ली आता कुणाला तरी द्यायला हवी.”

टेकडीवर दोघं लगेच कामाला लागले. स्विच पाडला, कुलूप घातलं, किल्ली अजमलच्या खिशात गेली. पाच मिनिटं थांबले. मशीन बंद असलं तरी आत साठलेली वीज माणूस मारते, म्हणून लांब दांड्याच्या सळईनं ती जमिनीत सोडली. “झालं?” “झालं.” पंख्याची जाळी झटकली, काळे पडलेले जोड घासले. मग मनोऱ्याऐवजी मशीनला एक जड पेटी जोडली. सगळी शक्ती ती पिते आणि तापते, बाहेर हवेत काही जात नाही. स्विच वर करून मापं जुळवता जुळवता काटा एकोणपन्नास वॅटवर आला तेव्हा अजमल म्हणाला, “पुरे रे.” हे म्हणाले, “पन्नास म्हणजे पन्नास.” दोघं हसले, आणि मला मेलीला रडू आलं.

मग पुन्हा स्विच पाडून पेटी काढली, मनोरा जोडला. खाली जीपचा हॉर्न वाजत होता, शरिफा सामान घेऊन बसली होती. अजमलनं किल्ली माझ्या हातात ठेवली. “हा घाई करील. दोन्ही हात बाहेर दिसल्याबिगर द्यायची नाय.”

शेवटचं काम उरलं होतं. मशीन चालू करून गाणं लावायचं आणि लांबच्या गावात ते कसं येतं ते ऐकायचं. अजमल म्हणाला, “जाता जाता गाडीत लावतो, फोन करतो.” ह्यांनी नुसती मान हलवली. मिठी नाही, काही नाही. पुरुष मेले असलेच!

ह्यांचे दोन्ही हात बाहेर दिसले तेव्हाच मी किल्ली दिली, गाणं सुरू झालं आणि अर्ध्या तासानं दासगावहून फोन आला. “कमळ्या, साफ येतोय!” ह्यांनी वहीत लिहिलं. आमच्या मशीनची धाव तेवढीच, पुढे डोंगर आडवा येतो. चाचणी झाली म्हणून ह्यांनी मशीन बंद केलं. संध्याकाळपर्यंत कार्यक्रम नव्हता.

मी डबा उघडत होते तेवढ्यात पुढच्या लोणेऱ्याहून अजमलचा फोन. “अजून साफ येतोय रे.” मी ह्यांच्याकडे बघितलं. मशीनचे दिवे विझलेले, पंखा थांबलेला. “बरं,” हे म्हणाले. मग आणखी पुढे, माणगावहून. “इथंपण येतोय. जरा बारीक, पण येतोय हां.”

मी हळूच म्हटलं, “अहो, सांगा ना त्याला, बंद आहे म्हणून.”

ह्यांनी फोनवर हात ठेवला. डोळे भरून वाहत होते, पुसायचंही भान नव्हतं. “गप गं. बोलू दे त्याला.”

आणि फोन पुन्हा कानाला लावून म्हणाले, “कोलाडला येतो का बघ रे.”