अर्जावरचं पहिलं नाव

हेवा करावा तर आमच्या भूगोलाच्या मास्तरांचा करावा. आम्ही एका शाळेत शिकवत होतो ती अकरा वर्षं मी तो मन लावून केला, आणि इतक्या निष्ठेनं दुसरं कुठलं काम केल्याचं मला आठवत नाही. गृहस्थ काटकुळे, टोपी कायम डाव्या कानावर आणि खिशात खडू. नकाशा काढल्याशिवाय ते काही सांगतच नसत. पूर्णेच्या बाजारात कुणी स्टेशनाची वाट विचारली, की तिथंच उकिडवे बसून आधी नदी काढत, मग रूळ, मग दिशा. तोवर विचारणाऱ्याची गाडी सुटून जाई. तरी लोक त्यांनाच विचारत. शेजारी मी धडधाकट उभा असे, मला कुणी विचारत नसे! आमच्या म्हशीचं वगारू हरवलं तेव्हा त्यांनी आमच्याच अंगणात नकाशा काढला, पाणी कुठं, सावली कुठं, कडबा कुठं ते मांडलं आणि ओढ्याकाठच्या एका बाभळीवर बोट ठेवलं. वगारू तिथंच निघालं. "ह्याला म्हणतात इद्या," आमची मंडळी म्हणाली. मी तिला एकदा सगळे समास तोंडपाठ म्हणून दाखवले होते, तेव्हा तिनं नुसती चूल फुंकली होती.

निजामाचं राज्य. सरकारी शाळेत उर्दू, आणि आमची मराठी शाळा गावच्या कमिटीच्या मर्जीवर चाललेली. या कमिटीचा एक रिवाज होता. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी प्रत्येक मास्तरानं 'मी राजीखुशीनं नोकरी सोडत आहे' असं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, आणि मिरगाला कमिटीची मेहेरबानी झाली तर पुन्हा रुजू व्हायचं. भाषाशिक्षक म्हणून सगळ्यांचे राजीनामे मीच सजवून देत असे. शेवटी आम्ही सहा जणांनी ठरवलं, की आता कायम नोकरीचा लेखी इकरारनामा मागायचा.

महादेवाच्या देवळामागं बैठक बसली. मी सात पानांचा मसुदा नेला होता. त्यात दोन सुभाषितं आणि एक आर्या होती. भूगोलाच्या मास्तरांनी पाच ओळी आणल्या होत्या. मंडळींनी पाच ओळी पसंत केल्या. माझ्या पोटात असं काही दुखलं की विचारू नका. मी म्हणालो, "ठीक आहे, पण पहिली सही माझी!" एरवी पानाच्या डब्यासाठीही हुज्जत घालणारे बाकीचे सगळे मास्तर एकदम मागं सरकले. मानानं वाट दिली, असं मला वाटलं. मी पाऊण ओळ भरेल अशी सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी भूगोलाचे मास्तर नवाच कागद घेऊन आले. "जुन्यावर शाई सांडली, मास्तर. हात कापायलाय आजकाल." नव्या कागदावर त्यांचं नाव सगळ्यात वर होतं आणि माझ्यासाठी जागा सगळ्यात खाली! ज्या हातानं कोकणचा किनारा एका रेघेत उतरे, तो हात कापतो? मी रागारागानं सही केली आणि त्यांच्याशी बोलणं टाकलं.

कमिटीचे अध्यक्ष आडतवाले आप्पा. त्यांनी पाच ओळी वाचल्याच नाहीत. बोट थेट पहिल्या नावावर ठेवलं. "म्होरक्या ह्यो हाय तर. बाकीच्यांना इकरारनामा देऊ. ह्याला न्हाई. बोला, कबूल हाय?" पहिलं नाव कापायचं ही त्यांची जुनी रीत आहे, हे माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. भूगोलाचे मास्तर आमच्याकडं वळून म्हणाले, "सह्या करा. लेकरंबाळं हायेत तुमाला." त्यांनाही दोन मुली होत्या. आम्ही सह्या केल्या. मीही केली, आणि या वेळी बारीक अक्षरात.

ते ताडकळसला खासगी शिकवण्या करायला निघाले तेव्हा बैलगाडीमागं अर्धी शाळा रडत धावली, आणि खरं सांगतो, मला त्याचाही हेवा वाटला. पुढं एका बाजारच्या दिवशी मी त्यांना गाठलं आणि विचारलं, "शाई खरंच सांडली होती का हो?"

"तुमी लय मोठी सही केली होती," ते हसून म्हणाले. "बाकीच्यांना जागाच उरंना." मग विषय बदलून माझ्या चारही पोरांची नावं घेऊन चौकशी केली.

त्या इकरारनाम्यावर माझी नोकरी पुरी झाली, पोरं मार्गाला लागली. मास्तर आता नाहीत. हेवा मात्र अजून आहे. नकाशांचा नाही, रडणाऱ्या पोरांचाही नाही. आप्पांची रीत मला ठाऊक असती आणि वर मास्तरांचं नाव असतं, तर मी शाई सांडली नसती. मी गप्प बसलो असतो.