पंजाबरावांना हुंकार लागायचा

मोताळ्यात भाजीचा मळा करणारे पंजाबराव मोठ्यानं वाचत, पण ऐकणाऱ्यानं ओळीओळीला 'हं' म्हटलंच पाहिजे. हुंकार थांबला की चिडून पुस्तक मिटायचे.

बासष्ट साली त्यांनी खामगावहून एक कादंबरी आणली. लढाईत मेलेला शिलेदार तीनशे वर्षांनी आपलं घर शोधत येतो, अशी ती गोष्ट. भरदुपारी पंजाबराव ओसरीवर रंगून वाचत होते. पाठीमागं त्यांची बायको गीताबाई वांगी निवडत हुंकार देत होती.

शिलेदार उंबरठ्याशी पोचला, तेव्हा हुंकार जरा घोगरा आला. पंजाबराव वाचतच राहिले.

तेवढ्यात समोरून, विहिरीकडून, गीताबाई भरली घागर घेऊन आली.

"काऊन जी, एकटेच वाचून राह्यले?"

पंजाबरावांनी हळूच पुस्तक मिटलं.

पाठीमागून आवाज आला, "हं. पुढं?"