यादगार बेगने लावलेलं वळण
माझ्या बायकोचा मामा यादगार बेग हा तहमूरस मिर्झाचा लाला होता, म्हणजे शाहजाद्याला सांभाळणारा आणि वळण लावणारा माणूस. मामा तसा प्रेमळ, पण अदबीच्या बाबतीत भलताच कडक. वडीलधारं माणूस दारात आलं की पोराने ताडकन उठून उभं राहायचं, नाहीतर पोटरीवर छडी. आमच्या कझवीनमध्ये भिश्त्याची पोरंही उठतात, हा तर राजाचा मुलगा.

पुढे मिर्झाच्या काकाने राजाला, आपल्या सख्ख्या भावाला, मारलं आणि स्वतः शाह होऊन बसला. लगेच दुसरा खून पडला असता तर सरदार बिथरले असते. पण आंधळ्याला आमच्याकडे गादी मिळत नाही, म्हणून पुतण्याचे डोळे घालवायचा हुकूम सुटला. जल्लाद मामाच्या गावचा निघाला. मामाने त्याचे पाय धरले. त्याने तापलेली सळई पापण्यांवरूनच फिरवली. पोरगा किंचाळला, चेहरा भाजला, पण उजव्या डोळ्याला धूसर का होईना दिसत राहिलं.

तेवढी नजर लपवून ठेवायची, हेच मग मामाचं आयुष्य झालं.

"मिर्झा, पेल्याकडे बघू नका. चाचपा."

"चाचपतोच आहे की! सरबत सांडलं तर तुमच्याच अंगावर."

"सांडू दे. तुम्ही सांडलेलंच बरं."

दोघं हसायचे. वर्षानुवर्षं निभावलं त्यांनी. हेर आले, हकीम आले, कुणाला पत्ता लागला नाही.

शाहच्या मनातली पाल मात्र चुकचुकतच होती. एका दुपारी तो स्वतः आला. पहारेकऱ्यांना गप्प केलं, जोडे हातात घेतले आणि पाय न वाजवता दारात उभा राहिला. मिर्झा सफरचंद सोलत बसला होता. त्याने मान वर केली आणि त्याच क्षणी उठून, छातीवर हात ठेवून, उभा राहिला. मामा शेजारीच होता.

शाह पोट धरून हसला. "वा रे लाला! काय वळण लावलंस! माझी कार्टी तर मी खोकलो तरी उठत नाहीत."

"हुजूर, मिर्झांना चाहूल लागली असेल..."

"कसली चाहूल, म्हाताऱ्या? जोडे माझ्या हातात आहेत."

खोलीतल्याच शेगडीत सळई तापवली. डोकं धरायला मामालाच लावलं. त्याने धरलं. न धरून करणार काय होता, असं लोक विचारतात. मी विचारत नाही, मला उत्तर नकोय.

दुसऱ्या दिवशी शाहने मामाला मानाचा जरीचा झगा पाठवला. असा झगा न घालणं म्हणजे बंड, आणि बंडाची शिक्षा अख्ख्या घराला. मामा तो घालून भर बाजारातून शाहजाद्याकडे गेला. मिर्झाने चाचपडत त्याची बाही धरली. बोटं जरीवर थांबली.

"लाला, हा कुणी दिला?"

"तुमच्या काकांनी."

"कशाबद्दल?"

"तुम्हाला चांगलं वाढवलं म्हणून."

मिर्झाने बाही सोडली आणि हात उशीला पुसला. मामा पुढे पुष्कळ जगला, पण मिर्झाने त्याला पुन्हा त्या घरात पाऊल ठेवू दिलं नाही.